आबा रुसले आणि मी वही वाचली नाही

मामांच्या घरात माझ्याशी सर्वात आधी अबोला धरला तो टाकीतल्या प्रवाळाने. मामी दुसऱ्या आणि त्यांची मुलगी सई तिसरी. खुद्द मामांनी तर आटपाडीहून फोन करून "मी तुझ्याशी बोलणार नाही" असं जाहीर केलं आणि त्यानंतर पाऊण तास बोलले.

आधी घर सांगतो. टॅम्पिनीसच्या एका एचडीबी, म्हणजे इथल्या सरकारी वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर मामा राहतात आणि दीड वर्षापासून त्यांच्या छोट्या खोलीत मीही. मामा आयटीआय करून वेल्डर म्हणून इथे आले आणि आता तुआसच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात फोरमन आहेत. मी त्यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, दिगंबर. आमच्या आईकडच्या आणि वडलांकडच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेला पहिला. इथे पाणी शुद्धीकरणात मास्टर्स करतो.

घराण्यातला पहिला शिकलेला असणं ही फार धोक्याची जागा आहे. वायफाय गेलं, विचारा दिगूला. मामींचा गुडघा दुखतो, विचारा दिगूला. गावाकडे विहिरीला पाणी लागेल का, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून विचारा दिगूला! सुरुवातीला मी "मला नक्की माहीत नाही" असं म्हणायचो. त्यावर सगळ्यांचे चेहरे असे पडायचे की मी हळूहळू ते म्हणणं सोडून दिलं. माझं चुकलं ते इथेच, पण हे मला फार उशिरा कळलं.

आता आबा. हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी आहे. खारं पाणी, निळे दिवे, लाटा काढणारा पंप, आणि मधोमध दगडावर आबा. हा एक मऊ प्रवाळ आहे. खाली जाड देठ, वर फेट्यासारखी दुमडलेली टोपी, आणि त्या टोपीवर पाण्यात हलणारी हजारो बारीक बोटं. माझे आजोबा, म्हणजे मामांचे वडील वारले तेव्हा यार्डात एक जहाज पोट उघडं टाकून पडलं होतं आणि मामांना वेळेवर गावी पोचता आलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी हा प्रवाळ आणला. तेव्हा अंगठ्याएवढा होता. नऊ वर्षांत परातीएवढा झाला. फेटा पाहून मामांनी नाव ठेवलं आबा. मामी त्याला मामंजी म्हणतात. (टाकीसमोरून जाताना मामी डोक्यावरून पदर घेतात असं मी म्हणणार नाही. पण गाऊनवर ओढणी घेताना मी पाहिलं आहे.)

तर गावी, आटपाडीला, आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सईची पीएसएलई तोंडावर होती. ही इथली सहावीची परीक्षा, जिच्यासाठी आईबाप देव पाण्यात ठेवतात. म्हणून मामा एकटेच निघाले. दारात बूट घालता घालता म्हणाले, "दिगू, टाकी तुझ्यावर. वही वाच."

"हो मामा."

"सगळी वाच. आणि फार डोकं लावू नकोस."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. पाण्यावर डोकं लावायला तर या देशाने मला विद्यार्थी-पास दिला होता! मामांची बॅग लिफ्टपर्यंत नेऊन दिली, पण आतून धुमसत होतो.

वही टाकीच्या बाजूला सुतळीने टांगलेली असते. शंभरपानी, पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली यार्डातल्या ग्रीसचा अंगठा. मी पहिलं पान वाचलं. "कोळंबी सोलून द्यावी. पंप बंद करू नये." मी वही परत टांगली. मनात म्हटलं, हा झाला अनुभव, आपण शास्त्राचं बघू.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी सगळी बोटं आत घेतली.

एकही बाहेर नाही. टोपी कडेने खाली लोंबत होती, रंग मातकट झाला होता, आणि अंगावर मेणबत्ती वितळून सांडावी तशी चकाकी. मी दिवे कमी केले, वाढवले. काचेवर टिचकी मारली. (काचेवर टिचक्या मारू नयेत. हे वहीच्या दुसऱ्या पानावर आहे.) संध्याकाळपर्यंत आबा तसेच, पाठ फिरवून बसल्यासारखे. नऊ वर्षं जगलेला माणूस माझ्या हातात तिसऱ्या दिवशी जातो म्हणजे काय! मला भीती वाटायला हवी होती. वाटला राग. घरात कोणीतरी काहीतरी केलं होतं, आणि कोणी ते मी शोधून काढणार होतो.

देवघर टाकीच्या बरोबर समोर आहे.

"मामी, धूप बंद करावा लागेल."

"कोणाचा?"

"तुमचा. धुरातले कण पाण्यावर बसतात. प्रवाळाला त्रास होतो."

"नऊ वर्षं मामंजी याच धुपात वाढलेत. अंगठ्याएवढ्याचे परातीएवढे झाले. तू कधी आलास रे?"

"मामी, हे शास्त्र आहे."

"मग शास्त्राला सांग, शुक्रवारी मला धूप लागतो."

मी धूपदाणी उचलून बाहेर कॉरिडॉरमध्ये चपलांच्या शेजारी नेऊन ठेवली. शब्द कमी पडले की माणूस असं काहीतरी करतो. मामींनी ते स्वयंपाकघरातून पाहिलं. रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं.

"मामी, मीठ?"

"टाकीत आहे की," मामी म्हणाल्या.

चौथ्या दिवशी मी लॅबमधल्या मित्राकडून पाणी तपासायची किट मागून आणली. खारटपणा तपासला, बरोबर. सामू तपासला, बरोबर. नायट्रेट, कॅल्शियम, तापमान, सगळं पुस्तकात छापल्यासारखं. इतकं निर्दोष पाणी मी माझ्या प्रबंधातसुद्धा कधी मिळवलं नाही! पाण्यात दोष सापडत नाही म्हटल्यावर मला आणखी राग आला. पाणी निर्दोष, म्हणजे माणसं दोषी. मामी झाल्या, आता राहिली सई.

सई बारा वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इथल्या इंग्रजीत, शेपटाला 'लाह' नाहीतर 'हॉर' लावून.

"सई, टाकीत हात घातलास?"

"नो."

"सॅनिटायझर लावून?"

"दादा, नो लाह! व्हाय यू सो कानचॉंग?" (कानचॉंग म्हणजे उगाच हातपाय गाळलेला माणूस. मी अर्थ विचारल्यावर तिने माझ्याकडेच बोट दाखवलं.) "आबा शर्ट चेंज करतायत, दॅट्स ऑल. लास्ट टाइम ऑल्सो लाइक दॅट."

"लास्ट टाइम म्हणजे कधी? तारीख?"

"आय डोन्नो. पी-फाइव्हला होते, पाचवीत."

"फोटो आहे?"

"नो."

"नोंद?"

"दादा! आय वॉज इलेव्हन!"

"मग पुराव्याशिवाय बोलू नये," मी म्हणालो. बारा वर्षांच्या मुलीला! परीक्षेच्या तोंडावर! वर तिची सॅनिटायझरची बाटली जप्त करून माझ्या कपाटात ठेवली.

"ओके," सई म्हणाली. "यू डोन्ट आस्क मी अगेन हॉर." आणि तिने दार लावलं. दार लावणं आणि आपटणं यांच्या बरोबर मधला आवाज आला.

पाचव्या दिवशी आबांच्या अंगावरून पांढरट पापुद्रा सुटून पाण्यात फडफडू लागला, ओल्या पोस्टरसारखा. मी नेटवर शोधलं. कोणीतरी फिनलंडमधला म्हणाला, कुजतोय, ताबडतोब बाहेर काढून आयोडिनच्या पाण्यात बुडवा. त्याखाली बाराजणांनी लिहिलं होतं, काही करू नका. पण त्यांचं इंग्रजी साधं होतं आणि फिनलंडवाल्याने लॅटिन नाव वापरलं होतं. माझा विश्वास लॅटिनवर बसला.

तेवढ्यात मामी मूठभर मीठ-मोहरी घेऊन आल्या आणि टाकीवरून ओवाळू लागल्या.

"मामी, काय करताय?"

"दृष्ट काढतेय. तीन दिवस तू डोळे वटारून बघतोयस त्यांच्याकडे."

"अहो, मिठाच्या पाण्यात राहणाऱ्याची मिठाने दृष्ट?"

"तू गप रे!"

दृष्ट माझीच लागली होती, हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं.

त्या संध्याकाळी मामांचा व्हिडिओ कॉल यायचा होता. ऑपरेशन परवावर आलेलं. अशा वेळी मामांना काही कळू द्यायचं नाही, इतपत माझा हेतू चांगला होता, हे कृपया लक्षात घ्यावं. घरातल्या जुन्या टॅबलेटवर आबांचा एक झकास व्हिडिओ होता. सगळी बोटं पसरलेली, फेटा ताठ. मी तो लॅपटॉपवर पूर्ण स्क्रीनभर लावला, हॉलमधला दिवा घालवला आणि फोन लॅपटॉपसमोर धरला.

"आबांना दाखव रे जरा," मामा म्हणाले.

"हे बघा मामा."

"वा! काय फुललेत! आई, बघ, आबा." मागे आजीचा जाड भिंगांचा चष्मा दिसला. मी सुटलो असं मला वाटलं. मग मामांचा चेहरा एकदम स्क्रीनजवळ आला.

"दिगू."

"हां मामा."

"आत्ता गेला तो निळा मासा."

"कुठला?"

"पिवळ्या शेपटीचा. आत्ता डावीकडून उजवीकडे गेला तो."

"हां हां, तो. मजेत आहे."

"तो दोन वर्षांपूर्वी मेला. मी स्वतः मोगऱ्याच्या कुंडीत पुरलाय."

माझ्या हातातला फोन हलला. फोन हलला तशी लॅपटॉपची कडा दिसली, कडेवर माझ्या विद्यापीठाचा स्टिकर दिसला, आणि त्यानंतर मामांचा आवाज अकरा मजले खाली ऐकू गेला असेल.

"मला फसवतोस? आबांना काय झालंय? खरं सांग!"

मी सांगितलं. बोटं मिटली, मेण आलं, पापुद्रा सुटला. मामी मागून फोनकडे झेपावल्या. "अहो, याने माझा धूप बाहेर काढलाय!" सई दार उघडून ओरडली, "अँड माय सॅनिटायझर!" मामा म्हणाले, "वही वाचलीस का?"

"वाचली," मी म्हणालो. (पहिलं पान वाचलं होतं. एका पानाला वाचली म्हणतात की नाही हा वेगळा प्रश्न.)

"मग कळलं नाही तुला? मी उद्याचं विमान बघतो. मी तुझ्याशी बोलणार नाही!" आणि ते बोलत राहिले.

मधेच आजीने फोन ओढून घेतला. "कोण रुसलंय रं?"

"आबा, आजी. टाकीतले."

"मग भाकरी झाकून ठेवा अन् गप बसा. दोन दिसांत उठत्यात. मी जन्मभर तेच केलं."

आजीची सही अंगठ्याची. मी तिचंही ऐकलं नाही.

आता नीट पाहा परिस्थिती. मामा आजीचं ऑपरेशन सोडून परत येणार होते. वडलांच्या वेळेला पोचता आलं नाही म्हणून नऊ वर्षं काचेसमोर बसणारा माणूस आईच्या वेळेला अर्ध्यातून निघणार होता, आणि तो माझ्यामुळे! हे थांबवायचा एकच मार्ग मला दिसला. उद्या सकाळच्या आत आबांना बरं करायचं.

मी फिनलंडवाल्याचं ऐकलं.

आयोडिनची बाटली किटमध्ये होती. बादलीत फिनाईल लागलेलं. मग स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर ते दिसलं. मामींचं पितळी पातेलं. माहेरून आलेलं, कल्हई केलेलं, वर्षातून दोनदा पुरण शिजवायला खाली उतरतं आणि विमानात मामींनी ते मांडीवर धरून आणलेलं. मला तेव्हा एवढंच दिसलं की ते आबांच्या मापाचं आहे.

मी दोन्ही हातांनी आबांना दगडासकट उचललं. पाण्याबाहेर येताच आबा आकसले, अर्धे झाले, आणि त्यांनी असा चिकट वास सोडला की कोळणीची टोपली चार दिवस उन्हात ठेवली तरी तो यायचा नाही. लाल पाण्याच्या पातेल्यात आबांना टेकवलं. हॉलभर पाणी. कोपरापर्यंत आयोडिन. आणि दारात मामी.

त्या आधी पातेल्याकडे बघत होत्या. मग आबांकडे. मग पुन्हा पातेल्याकडे.

"मामंजींना," त्या अगदी हळू म्हणाल्या, "माझ्या पुरणाच्या पातेल्यात?"

"मामी, दहा मिनिटं फक्त..."

"ठेव! आधी टाकीत ठेव त्यांना!"

मी ठेवलं. मामींनी वही सुतळीसकट ओढून तोडली आणि माझ्या छातीवर आपटली.

"वाच."

"मामी..."

"मोठ्याने वाच. सई, तू पण ये. एवढा शिकलाय, वाचू दे."

मी ओल्या फरशीवर उभा राहून वाचू लागलो. तिसरं पान. "आबा रुसले. बोटं आत. मेण आलं. पाच दिवस. काही केलं नाही. साल गेलं. आधीपेक्षा जास्त फुलले." पुढे दीड-दोन वर्षांनी पुन्हा तेच. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी किती दिवस, पाण्याचं तापमान, साल कुठल्या बाजूने सुटलं, सगळं. पानंच्या पानं. दहावी-आयटीआय झालेल्या माणसाने नऊ वर्षं एका प्राण्याकडे बघून ठेवलेल्या नोंदी. मी प्रबंधासाठी सहा महिने नोंदी ठेवल्यात आणि त्यात तीन आठवड्यांची भोकं आहेत.

"टोल्ड यू," सई म्हणाली. "चेंजिंग शर्ट."

मामी म्हणाल्या, "शेवटचं पान वाच. जायच्या आदल्या रात्री तुझ्यासाठी काहीतरी लिहीत बसले होते."

शेवटच्या पानावर माझं नाव होतं. "दिगूसाठी. आबांची बोटं आखडायला लागली आहेत, मी गेल्यावर रुसतील असं वाटतं. घाबरू नये. हे त्यांचं नेहमीचं आहे. जुनं साल टाकतात, त्याशिवाय वाढता येत नाही. काही करू नये. बाहेर काढू नये. मी एकदा सुनंदाच्या पितळी पातेल्यात काढून पाहिलं होतं, उपयोग झाला नाही. सुनंदाला सांगितलेलं..."

इथे मी थांबलो.

"पुढे?" मामी म्हणाल्या.

"अक्षर नीट लागत नाही, मामी."

"दिगू!"

"'...नाही,'" मी वाचलं. "'दिवाळीच्या आधी घासून ठेवलं होतं.'"

मामी मनात कुठल्या तरी दिवाळीची पुरणपोळी आठवत होत्या, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी फोन उचलला.

"अहो. विमान बिमान काही बघू नका. मामंजी ठीक आहेत, साल टाकतायत. आईंचं ऑपरेशन नीट करा, पट्टी सुटेपर्यंत थांबा, त्यांच्याजवळ बसा. काही घाई नाही." क्षणभर थांबल्या. "आणि आल्यावर मला त्या पातेल्याबद्दल सांगा."

पलीकडे मामा, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, खरोखर गप्प झाले.

तीन दिवसांनी आजीची पट्टी सुटली. त्याच सकाळी उरलेला पापुद्रा पंपाच्या लाटेने उडून गेला आणि आबा उघडले. फेटा आधीपेक्षा रुंद, बोटं लांब, आयोडिनचा एवढासाही राग नाही. मामींनी धूपदाणी आत आणली आणि दृष्टीचं मीठ लागू पडलं असं शेजारच्या पंजाबी बाईंना हिंदीत सांगितलं. मी ऐकून घेतलं. पुरावा मागितला नाही.

पण मी काही फुललो नाही. मला सगळ्यांचा राग आला. वही लिहिणाऱ्या मामांचा, ती वाचायला लावणाऱ्या मामींचा, बरोबर असलेल्या सईचा, आणि फिनलंडचा. खरा राग कोणाचा होता ते मला माहीत होतं, पण त्याच्याशी भांडायला तोंड नव्हतं. मी खोलीचं दार लावून घेतलं. लॅबमध्ये जायचो, हॉकर सेंटरवरच्या टपरीवर एकटा जेवायचो, परत येऊन दार लावायचो. मामा आले. मला वाटलं, आता येऊन ओरडतील, मग मी माफी मागीन. ते आलेच नाहीत! दाराबाहेर त्यांच्या चपलांचा आवाज यायचा, थांबायचा आणि पुढे जायचा. त्याचाही मला राग आला.

पाचव्या दिवशी पिठल्याचा वास आला आणि मी बाहेर आलो. सगळे जेवत होते. सईने खुर्ची सरकवली, मामींनी झाकून ठेवलेलं ताट उघडलं, मामांनी मिरचीचा ठेचा माझ्याकडे ढकलला. सॅनिटायझरची बाटली मी गुपचूप सईच्या दप्तराजवळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांसाठी कोळंबी सोलायला गेलो. आणि मग वही उघडली, या वेळी शेवटच्या पानापासून. मामांच्या झुकलेल्या अक्षरात नवी नोंद होती.

"दिगू रुसला. दार लावून घेतलं. चार दिवस. काही केलं नाही. पाचव्या दिवशी जेवायला आला. तीन भाकरी."

त्याखाली, मामींच्या अक्षरात: "साल अजून सुटायचं आहे."